रताळ्याच्या पानाला भोकं? पंप काढण्याआधी पान उलटून बघा



रताळ्याचा वेल पसरायला लागला की पानांना गोल-गोल भोकं पडलेली दिसतात. मग पहिला प्रश्न असतो, "कोणतं औषध मारू?" जरा थांबा. आधी पान उलटून बघा. बरेचदा तिथं *कासव भुंगेरा* सापडतो.

*ओळखायचा कसा?*
पाठ कासवासारखी फुगीर आणि कडेनं काचेसारखी पारदर्शक झालर. वरून बघितलं तर डोकं-पाय दिसतच नाहीत. हात लावला की पाय आत घेऊन पानाला घट्ट चिकटतो. एक प्रकार लहान, हिरवट-सोनेरी, पाठीवर काळी गोलसर रेघ असलेला. दुसरा मोठा, साधारण दीड सेंटीमीटरचा, पिवळसर-केशरी, त्यावर काळे ठिपके. ठिपके बघून त्याला मावा खाणारा ढालकिडा समजू नका. ढालकिड्याला अशी पारदर्शक झालर नसते.

सोनेरी भुंगेरा मेला की त्याची चमक जाते. ती चमक कवचाच्या पातळ थरांतल्या ओलाव्यामुळे असते. ओल वाळली की भुंगेरा तपकिरी पडतो.

*अळीची छत्री*
अळी चपटी, कडेनं काटे असलेली. टाकलेली कात ती फेकून देत नाही. शेपटीकडच्या दुहेरी काट्यावर अडकवून पाठीवर धरते. लहान प्रकाराची अळी त्यात स्वतःची विष्ठाही मिसळते. मुंगी जवळ आली की ही घाणेरडी छत्री तिच्या अंगावर उगारते. त्यामुळे पानावर कचऱ्याचा ठिपका दिसला तर काडीनं हलवून बघा, खाली अळी असेल. कोषही पानावरच होतो.

मोठ्या ठिपकेवाल्या प्रकाराची मादी पानाखाली कागदासारख्या पुडीत बरीच अंडी एकत्र घालते. त्याच्या लहान अळ्या घोळक्यानं खातात. बांधावरची बेशरम रताळ्याच्याच कुळातली, तीही त्यांना चालते.

*मग नुकसान किती?*
हा किडा फक्त पान खातो, कंदाला हात लावत नाही. जोमदार वेल नवी पानं काढून भोकं भरून काढतो. काळजी घ्यायची ती लागवडीनंतरच्या पहिल्या महिन्यात, वेल कोवळे असताना. तेव्हा अंड्यांची पुडी आणि घोळक्यातल्या अळ्या पानासकट तोडून नष्ट करा. काम हातानं होतं.

विनाकारण फवारलं तर भुंगेऱ्याच्या अंड्यांवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आणि कोळी मरतात. शिवाय हेच वेल आपण जनावरांना घालतो, हे विसरू नका.

*खरा चोर जमिनीत आहे*
रताळ्याचा भाव पाडतो तो *सोंड्या भुंगा*. दिसायला मुंगीसारखा, पाठ निळसर-काळी, मान आणि पाय तांबडे. त्याची अळी वेलात आणि कंदात शिरून पोखरते. थोडा जरी पोखरला तरी कंद कडू होतो, वास मारतो, उपवासाच्या गिऱ्हाइकाला चालत नाही. म्हणून:

✅ बेणे निरोगी प्लॉटमधून, वेलाच्या शेंड्याकडचे घ्या.
✅ वरंब्याला भेगा पडू देऊ नका, मातीची भर लावा. भेगेतूनच तो कंदापर्यंत पोचतो.
✅ सोंड्या भुंग्यासाठीचे कामगंध सापळे लावा.
✅ काढणी लांबवू नका. किडके कंद व जुने वेल रानात ठेवू नका.
✅ त्याच रानात लागोपाठ रताळं घेऊ नका.

खात्री होत नसेल तर तीन फोटो काढा: पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि वेलाच्या बुडाजवळची माती. ते कंपनीच्या नंबरवर पाठवा. उत्तर येईपर्यंत पंप घरातच राहू द्या. 🌱