कोनावरून उंची: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दूरच्या वस्तूच्या टोकाकडे जाणारी दृष्टिरेषा आणि क्षितिजसमांतर रेषा यांच्यातला कोन मोजून उंची किंवा अंतर काढण्याची रीत दहावीच्या गणितात येते. वर पाहताना होतो तो उन्नत कोन, खाली पाहताना होतो तो अवनत कोन. पाठ तसा सोपा आहे. त्याभोवतीचे गैरसमज मात्र चिवट आहेत.

कोन कळला की उंची कळते, हा त्यांतला सर्वांत पसरलेला समज. प्रत्यक्षात कोन केवळ गुणोत्तर देतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावच्या एखाद्या मोबाईल टॉवरचे टोक 45 अंशांवर दिसले, तर एवढेच कळते की टोक डोळ्यांच्या पातळीच्या जितके वर आहे, तितकाच टॉवर दूर आहे. तो 20 मीटरचा की 60 मीटरचा, हे जमिनीवर टेप ताणल्याशिवाय कळणार नाही. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणालाही हे चुकले नाही. 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन याने पायारेषा मोजायला घेतली. जेमतेम 12 किलोमीटरची ती रेषा साखळीने मोजायला 57 दिवस लागले, कारण पुढच्या सगळ्या त्रिकोणांची लांबी तिच्यावरच उभी राहणार होती. त्रिकोणांची ही साखळी उत्तरेकडे सरकत असताना, 20 जानेवारी 1823 रोजी लॅम्बटनचा मृत्यू झाला तो बाभुळगावच्या पूर्वेला, वर्धा नदीपलीकडच्या हिंगणघाटात. त्याची कबर तिथेच आहे.

कोन दुप्पट तर उंची दुप्पट, हेही खरे नाही. 30 मीटर अंतरावरून 30 अंशांचा कोन आला तर उंची 17.3 मीटर येते. त्याच जागेवरून 60 अंश आला तर 52 मीटर, म्हणजे तिप्पट. टॅन (उंची भागिले अंतर) हे गुणोत्तर कोनाच्या पटीत वाढत नाही.

वस्तूच्या बुडापर्यंत जाता आलेच पाहिजे, अशीही समजूत असते. समजा, बेंबळा प्रकल्पाच्या कालव्यापलीकडे विजेचा मनोरा आहे. अलीकडच्या सपाट जमिनीवरून त्याचे टोक 30 अंशांवर दिसते आणि सरळ त्याच्या दिशेने 20 मीटर पुढे गेल्यावर 45 अंशांवर. 30 अंशांवर अंतर उंचीच्या 1.732 पट असते आणि 45 अंशांवर उंचीइतकेच, म्हणून उंची = 20 ÷ (1.732 − 1), म्हणजे 27.3 मीटर. कालवा ओलांडावा लागला नाही. पण हे उत्तर डोळ्यांच्या पातळीपासूनचे आहे. डोळे जमिनीपासून 1.5 मीटरवर असतील, तर मनोरा 28.8 मीटरचा. परीक्षेत आणि शिवारात, दोन्हीकडे हमखास विसरली जाते ती हीच बेरीज.

जवळून मोजले की अचूक येते, हा समज अर्धाच खरा आहे. कोन मोजण्यात एका अंशाची चूक झाली, तर 45 अंशांजवळ उत्तर सुमारे साडेतीन टक्क्यांनी बिघडते. 10 किंवा 80 अंशांजवळ मात्र दहा टक्क्यांहून अधिक. म्हणून अगदी बुडाशीही उभे राहू नये आणि फार लांबही जाऊ नये.

सावलीवरून उंची काढायला दुपारचे बारा ही उत्तम वेळ, असे काहींना वाटते. बाभुळगाव सुमारे 20.5 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे मेच्या उत्तरार्धात आणि जुलैच्या मध्यानंतर एकेकदा मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या खांबाची सावलीच उरत नाही. सूर्य 45 अंशांवर असताना मात्र सावली खांबाइतकीच असते, मग टॅनच्या कोष्टकाचीही गरज नाही.

शेवटचा गैरसमज म्हणजे हेच सूत्र कितीही अंतराला जसेच्या तसे चालते. एका किलोमीटरवर पृथ्वीच्या गोलाईमुळे पडणारा फरक जेमतेम 8 सेंटिमीटर असतो, पण 160 किलोमीटरवर तो सुमारे 2 किलोमीटर होतो. शिवाय हवेत प्रकाशकिरण वाकतो. एव्हरेस्टचे शिखर सर्वेक्षकांनी त्याहूनही दूरच्या मैदानी ठाण्यांवरून पाहिले होते. या दोन्ही दुरुस्त्या करून 1856 साली त्यांनी 29,002 फूट, म्हणजे सुमारे 8,840 मीटर उंची जाहीर केली. 2020 साली नेपाळ आणि चीनने जाहीर केलेली उंची 8,848.86 मीटर आहे.