टायर बदलताना नवं अलॉय व्हील खराब होऊ शकतं का?

टायर बदलून गाडी घरी आणली आणि चकचकीत अलॉय व्हीलच्या कडेला ओरखडा दिसला, तर पहिली शंका टायरवाल्यावरच येते. ही शंका खरी असू शकते का? हो. पण दोष टायर बदलण्याचा नसतो, चुकीच्या पद्धतीचा असतो.

नुकसान कसं होतं?

टायरच्या आतल्या कडेत पोलादी तारा असतात, त्यामुळे ती ताणली जात नाही. म्हणून रिमच्या आत एक खोलगट खाच ठेवलेली असते. टायरची एक बाजू त्या खाचेत दाबली की समोरची बाजू रिमवरून सहज सरकते. ती नीट दाबली नाही किंवा कडेला वंगण लावलं नाही, तर टॉमीने जोर लावावा लागतो. अलॉय व्हील अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं. पोलादी टॉमी किंवा मशीनचे जबडे त्यावर घासले की ओरखडा पडतो. कमी उंचीच्या, कडक बाजूच्या टायरमध्ये हा धोका जास्त.

ओरखडा किती गंभीर?

बारीक ओरखड्याने व्हील कमकुवत होत नाही. पण वरचा पारदर्शक थर निघाला, तर ओलावा आत शिरून धातू गंजू लागतो, पांढरे डाग पसरतात. कडेला पोचा पडला तर हवा हळूहळू कमी होते, वेगात स्टिअरिंग थरथरतं. तडा गेला असेल, तर त्या व्हीलवर गाडी चालवूच नये.

काय काळजी घ्याल?

- काम सुरू होण्याआधी चारही व्हीलचे फोटो काढा.
- मशीनच्या जबड्यांना आणि टॉमीला प्लास्टिकचं आवरण आहे का, ते विचारा.
- टायरमधली हवा मोजणारा सेन्सर असेल तर आधीच सांगा. तो बहुतेकदा व्हॉल्व्हला जोडलेला असतो आणि दाबाने तुटू शकतो.
- वजनं ठोकायची नव्हे, आतून चिकटवायची लावायला सांगा.
- नट शेवटी टॉर्क रेंचने, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यानुसारच आवळून घ्या. हवेच्या गनने जास्त आवळले तर बोल्टचे आटे जातात.
- साधारण १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पैसे देण्याआधी दुकानातच चारही व्हील उजेडात पाहा. घरी पोहोचल्यावर दिसलेला ओरखडा नेमका कुठे पडला, हे सिद्ध करणं अवघड जातं.