सँडहर्स्ट रोड : एका दुमजली स्थानकाची शताब्दी

मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगर ते बीड प्रवासी रेल्वे सुरू झाली आणि जिल्ह्याची अनेक दशकांची प्रतीक्षा फळास आली. बीडहून परळीकडे जाणारा पुढील मार्ग वडवणी तालुक्यातून जातो. नव्या स्थानकाची वाट पाहणाऱ्या येथील वाचकांना मुंबईतील एका जुन्या स्थानकाचा इतिहास उद्‌बोधक वाटेल.

१८९५ ते १९०० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड सँडहर्स्ट यांचे नाव धारण करणारे हे स्थानक दुमजली आहे. खाली मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग, तर वर हार्बर मार्ग. ही रचना हौसेपोटी नव्हे, तर निकडीतून झाली. १९१० साली सुरू झालेला कुर्ला–रे रोड मार्ग पुढे बोरीबंदरपर्यंत न्यावयाचा होता. बंदर पूर्वेस, तर बोरीबंदर येथील हार्बरचे फलाट मुख्य मार्गाच्या पश्चिमेस. मध्ये दाट वस्ती. तेव्हा गाड्यांचा खोळंबा न होता मुख्य मार्ग ओलांडण्यासाठी रूळ वर उचलणे हाच मार्ग उरला. वरच्या मजल्याचे पोलादी खांब १९२१ सालचे आहेत. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेची गाडी याच मार्गाने कुर्ल्यास गेली.

पुढे गर्दी वाढली, गाड्या लांबल्या. जागा मात्र तेवढीच राहिली. २०१६ साली हार्बर मार्गावर १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहाऐवजी २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला आणि नऊऐवजी बारा डब्यांच्या गाड्या धावू लागल्या. उच्च दाबाच्या तारेभोवती अधिक मोकळे अंतर लागते, तर लांब गाडीस लांब फलाट. जमिनीवर फलाट वाढविणे तुलनेने सोपे. खांबांवरील स्थानकात मात्र प्रत्येक फूट नव्या आधारावर उभारावा लागतो, तोही वाहतूक शक्यतो चालू ठेवून. या स्थानकाचा समावेश आता अमृत भारत स्थानक योजनेत झाला असून, त्यास ‘डोंगरी’ हे नाव देण्याची शिफारस राज्य शासनाने २०२४ साली केली आहे.

नाव बदलता येते, भिंतींना रंग देता येतो. परंतु खांबांमधील अंतर, जिन्याची रुंदी आणि फलाटाची मर्यादा या गोष्टी प्रथम आराखड्यातच ठरून जातात. वडवणीच्या परिसरात अद्याप जागा मोकळी आहे. ती आजच राखून ठेवली, तर पुढील पिढ्यांना अडचणीतून वाट काढावी लागणार नाही.