तुरुंग पत्करायला तयार झालेल्या डॉक्टर रखमाबाई



नाशिकच्या वस्त्यांत फिरताना गरोदर पोरगी दिसली की मी विचारते, "वय काय गं तुझं?" उत्तर सासू देते, "अठरा पूर्ण!" पोरगी मान खाली घालते. बाळंतपणाच्या वॉर्डात मी अनेक वर्षं काढली आहेत. त्या खाली गेलेल्या मानेचा अर्थ मला कळतो. अशा घरात मी डॉ. रखमाबाईंची गोष्ट सांगते.

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा, मुंबईतल्या सुतार समाजातला. अकराव्या वर्षी लग्न लागलं, पण त्या माहेरीच राहिल्या आणि घरीच शिकल्या. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन पाठीशी होते. १८८४ साली नवरा दादाजी भिकाजी याने, बायकोने नांदायला यावं म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. मार्च १८८७ मध्ये मात्र कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. अजाण वयात लावलेलं लग्न त्यांना मान्य नव्हतं.

१८८८ साली नवऱ्याने २००० रुपये घेऊन दावा सोडला. रखमाबाई लंडनला गेल्या, स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या. परत येऊन सुरत आणि राजकोटच्या दवाखान्यांत त्यांनी बायकांवर उपचार केले. त्यांच्या खटल्याने देशभर वाद पेटला. १८९१ च्या कायद्याने मुलीचं संमतिवय दहावरून बारा झालं. फक्त बारा!

आज लग्नासाठी मुलीला १८ वर्षं पूर्ण लागतात. त्याला कारण आहे. कोवळ्या वयात कंबरेची हाडं पुरती वाढलेली नसतात, अंगात रक्त कमी असतं. बाळंतपण अडतं, झटके येण्याचा धोका वाढतो, बाळ कमी वजनाचं जन्मतं. बाबासाहेबांनीही १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत लग्नाची घाई करू नका, असं बजावलं होतं.

म्हणून पोरीची शाळा तोडू नका. तिचं हिमोग्लोबिन तपासा, लोहाच्या गोळ्या द्या. वस्तीत बालविवाह ठरत असेल तर १०९८ वर फोन करा. आणि पुढच्या वेळी मी वय विचारलं, तर उत्तर पोरीला देऊ द्या.