परुळेकर, गोदावरी शामराव
(१४ ऑगस्ट १९०७–८ ऑक्टोबर १९९६). ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासींना वेठबिगारी व लग्नगडी पद्धती यांतून मुक्त करणाऱ्या किसान नेत्या व लेखिका. जन्म पुणे येथे गोखले घराण्यात. शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयात. पुढे त्यांनी कायद्याची पदवी घेतली. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या त्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य होत. १९३९ मध्ये शामराव परुळेकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्याच सुमारास दोघांनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला. कल्याण-मुरबाड भागातील शेतकऱ्यांच्या संघटनेपासून त्यांच्या जिल्ह्यातील कार्यास प्रारंभ झाला.

हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली होती. तथापि कर्जाच्या रूपाने ती टिकून राहिली. लग्नखर्चासाठी वारली तरुण जमीनदाराकडून थोडी रक्कम उचली आणि तिच्या फेडीसाठी पतिपत्नी दोघेही त्याच्या घरी राबत. मोबदला म्हणून केवळ पोटापुरते धान्य मिळे. हिशेब जमीनदाराकडेच असल्याने कर्ज कधीच फिटत नसे व बंधन आयुष्यभर राही. अशा गड्यास ‘लग्नगडी’ म्हणत. स्त्रियांवरील अत्याचारांनाही दाद नसे. शासनाने नेमलेल्या सिमिंग्टन यांच्या अहवालात (१९३९) या स्थितीची नोंद झाली. पण ती पालटली नाही.

जानेवारी १९४५ मध्ये कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे किसान सभेची प्रांतिक परिषद भरली. तीत उंबरगाव तालुक्यातून आलेल्या वारल्यांनी प्रथमच आपली गाऱ्हाणी मांडली. त्यानंतर परुळेकर दांपत्य त्यांच्या पाड्यांवर गेले. २३ मे १९४५ रोजी झरी येथील परिषदेत सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करावयाची नाही व बारा आण्यांहून कमी रोजावर राबावयाचे नाही, असा निर्धार तेथे झाला. पुढे कार्यकर्ते गावोगाव फिरले आणि लग्नगडी जमीनदारांची घरे सोडून आपल्या झोपड्यांत परतले. अमेरिकेत हॅरिएट टबमन (मृ. १९१३) यांनी गुलामांना रात्री गुप्त वाटांनी बाहेर काढले, येथील सुटका मात्र दिवसाढवळ्या व समूहाने झाली. एकट्या गड्यास मारहाण करून परत आणणे शक्य होते, सबंध गावास नव्हे. या चळवळीचे बळ त्यातच होते.

त्याच वर्षी गवत कापणाऱ्यांनी पाचशे पौंडांस अडीच रुपये दर मागून संप केला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. परुळेकरांवर जिल्हाबंदी झाली, तरी संघटना मोडली नाही.

पुढे १९६१ मध्ये गोदावरीबाईंनी आदिवासी प्रगती मंडळ स्थापिले. १९६५ मध्ये शामरावांचे तुरुंगात निधन झाले. या लढ्याची हकीकत सांगणाऱ्या त्यांच्या जेव्हा माणूस जागा होतो (१९७०) या ग्रंथास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. १९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षा झाल्या.

वेठबिगारी नष्ट करणारा केंद्रीय कायदा १९७६ मध्ये संमत झाला. वारल्यांनी ती तीस वर्षे आधीच झुगारली होती. झरी व तलवाडा ही गावे २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतात.