दारू पिऊन गाडी चालवताना पकडल्यावर

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा ठरतो. गणवेशातील पोलीस प्रथम श्वासाची चाचणी घेतात. गुन्हा त्यांच्यासमोर घडला असेल तर वॉरंटशिवाय अटक करता येते. यापुढचे दोन तास फार महत्त्वाचे, कारण अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही, तर आरोपीला कोठडीतून सोडावे लागते. ही अट योग्यच आहे. उशीर झाला की रक्तातले अल्कोहोल घटते आणि पुरावाच विरतो.

वाहन ताब्यात घेतले जाते. परवाना जप्त होऊन निलंबनासाठी आरटीओकडे जातो. इतर अनेक वाहतूक गुन्ह्यांसारखा हा गुन्हा जागेवर दंड भरून मिटत नाही; न्यायालयात जावेच लागते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, 15,000 रुपये दंड किंवा दोन्ही.

कोणाचा जीव गेला तर मात्र प्रकरण सदोष मनुष्यवधापर्यंत जाऊ शकते. मुंबईतील कार्टर रोडवर 2006 मध्ये मद्यधुंद चालकाने सात जणांचा बळी घेतला. त्याची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये कायम केली.