पोरक्या मुलांस घर हवे

घरात मुलाचा वाढदिवस जवळ आला, की सुखवस्तू कुटुंबांत एक विचार हमखास निघतो : "यंदा अनाथाश्रमात एक वेळचे जेवण घालू." त्यामागील भावना निर्मळ असते, हे कोण नाकारील? मुले ओळीने बसतात, श्रीखंड-पुरी खाऊन हसतात आणि आपण कृतार्थ मनाने घरी परततो. परंतु ह्या ओळीत खरोखर अनाथ मुले किती, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. अशा संस्थांतील पुष्कळ मुलांची आई किंवा वडील, कित्येकदा दोघेही, हयात असतात. मजुरीवर जाताना मूल सांभाळावयास कोणी नसते, बाप अंथरुणास खिळलेला असतो किंवा दोन वेळच्या अन्नाची भ्रांत असते. म्हणून मूल संस्थेच्या दारी येते. त्याच्या आईचा अपराध एवढाच, की ती गरीब आहे. दारिद्र्यावर उपाय म्हणून मायलेकरांची ताटातूट करणे म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर, असेच नव्हे काय?

संस्थांचे उपकार विसरावे, असा ह्याचा अर्थ नाही. महात्मा फुले व सावित्रीबाई ह्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा प्रश्न जीव वाचविण्याचाच होता. तथापि त्याच दांपत्याने एका ब्राह्मण विधवेचे मूल पुढे दत्तक घेतले आणि यशवंत म्हणून आपल्या घरी वाढविले, हे आपण लक्षात घेत नाही. छप्पर दिल्याने जीव वाचतो; मूल वाढते ते मात्र घरात, हे त्यांनी स्वतःच्या आचरणाने दाखविले.

हाच धडा रुमानिया देशास फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. लोकसंख्या वाढविण्याच्या हट्टापायी तेथील चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ साली गर्भपातावर कडक बंदी घातली. पोसण्याची ऐपत नसलेल्या घरांतून मुले सरकारी संस्थांत येऊ लागली. १९८९ च्या डिसेंबरात ती राजवट कोसळली, तेव्हा अशा संस्थांत एक लाखाहून अधिक मुले होती. त्यांस खाट होती, अन्न होते. पण एकेका दाईकडे कितीतरी मुले. रडून कोणी उचलून घेत नाही, हे कळल्यावर तान्ही बाळे रडण्याचेही सोडून देत. त्या दालनांतील शांतता पाहणाऱ्यांच्या अंगावर काटा येई.

पुढे चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स व चार्ल्स झीना ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी बुखारेस्ट शहरातील संस्थांतून ६ ते ३१ महिने वयाची १३६ मुले निवडली. त्यांतील निम्मी मुले चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे निवडून पालक कुटुंबांत दिली. उरलेली संस्थेच्या व्यवस्थेत राहिली. ही निवड कोणास निष्ठुर वाटेल. परंतु त्या वेळी शहरात पालक कुटुंबांची सोय जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे एरवी बहुतेक सारीच संस्थेत राहिली असती. साडेचार वर्षांच्या वयात पाहता संस्थेच्या गटातील मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ७३, पालक कुटुंबांच्या गटातील मुलांचा ८१ आणि जन्मापासून स्वतःच्या घरी वाढलेल्या मुलांचा १०९ भरला. दोन वर्षांच्या आत घर मिळालेली मुले अधिक सावरली. म्हणजे घराने झालेली हानी काही अंशी भरून येते. पण उशीर झाला, तर तितकीही येत नाही. २००५ पासून अमलात आलेल्या कायद्याने त्या देशात दोन वर्षांखालील मुलास, गंभीर अपंगत्वाचा अपवाद वगळता, संस्थेत ठेवण्यास मनाई झाली.

आपल्याकडील २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून गरजू मुलास घरीच वाढविण्यासाठी दरमहा मदत मिळते. २०२३ साली ती २,२५० रुपये करण्यात आली.

येथे आम्हां एकत्र कुटुंबवाल्यांस वाटेल, की ह्यात नवे ते काय? नात्यातील पोरके मूल आमच्या घरांत पूर्वापार वाढतच आले. खरे आहे, पण अर्धेच खरे. आमच्या जुन्या घरीही दूरच्या नात्यातील असा एक मुलगा होता. सारे त्यास 'घरचाच' म्हणत. पान त्याचे शेवटी मांडले जाई आणि बाजारहाटास पहिली हाक त्यालाच असे. त्यास कोणी कधी मारले नाही. परंतु तो तापाने फणफणला असता त्याच्या उशाशी बसण्याचेही कोणास सुचले नाही. भरल्या घरात तो पोरकाच राहिला. तेव्हा मूल कोणाच्याही घरी लोटून दिले, की कर्तव्य संपले, असे नाही. त्यास 'माझे' म्हणणारे एक तरी माणूस हवे, आणि ते खरोखर तसे वागते की नाही, हे पाहणारी बाहेरची नजरही हवी. तशी तयारी न करता संस्था बंद केल्या, तर मुले रस्त्यावरच येतील.

म्हणून पुढील वाढदिवशी जेवण घालावयास जाल, तेव्हा चालकांस एवढेच विचारा : मदत मिळाल्यास ह्यांतील किती मुले घरी जाऊ शकतील? आणि त्याआधी आपल्याच घरी पाहा. भांडी घासावयास येणारी बाई पतीच्या मागे दोन लेकरे ओढीत असेल, तर सरकारी योजनेचे नाव तिच्या कानावर कोण घालणार? अर्ज भरून देणे, दाखले जमविणे, जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयापर्यंत तिच्यासोबत जाणे, एवढे काम शिकलेल्या माणसास जड नाही. श्रीखंडाच्या एका पंगतीहून त्यास खर्चही कमीच येईल, आणि तिची लेकरे रात्री तिच्या कुशीत निजतील.